नाहरकत देणार नाही

१२ सप्टेंबर २०२५, शुक्रवार

सही देणार नाही! नाही म्हणजे नाही!

शेंदूरजन्याहून किशोरचा फोन. बाबांना जाऊन दोन महिने झाले, तेव्हापासून बहीण जिवंत आहे की मेली याची चौकशी नाही. आज एकदम आवाजात साखर! "ताई, बाबाच्या बंदुकीचा परवाना माह्या नावावर करून राहिलो. रानडुकरं लय झाले बगीच्यात. दुसऱ्या वारसाची नाहरकत लागते म्हंते. कागद पाठोला पोस्टानं. सही करशीन ना?"

तेरवीच्या दिवशी हक्कसोडीवर सही घेतली माझी. संत्र्याचा अख्खा बगीचा एका साडीत गेला. गप्प राहिले, कारण आमच्याकडे बहिणी सह्या करतातच. आत्याने केली, मावशीने केली, मीही केली. पण पट्टा! बाबांचा काडतुसांचा चामडी पट्टा तेवढा आठवण म्हणून घेतला, तर सगळ्या पाहुण्यांसमोर माझ्या हातातून ओढायला लागला. "पट्टा राहू दे इथंच. आयक ना वं, मंग सांगतो." मंग काय सांगणार होता? हिसकावून आणला मी. सगळे टकामका बघत होते. त्या दिवसाची लाज मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"अजून एक सांगाचं होतं, ताई —" म्हणत होता. फोन कापला. नंबरही ब्लॉक केला.

१५ सप्टेंबर, सोमवार

शाळा सुटल्यावर गफ्फारभाईंच्या दुकानात गेले. अकोल्यातले जुने परवानेवाले बंदूक-विक्रेते. बाबा काडतुसं त्यांच्याकडूनच न्यायचे. विचारलं, किशोरने बंदूक परस्पर विकली तर?

"बंदूक काय बकरी आहे बाई, का बाजारात नेली अन् इकली? घेनाऱ्याकडे परवाना पायजे. आधी लेखी कळवा लागते, मंग पंचेचाळीस दिवस थांबा लागते."

सगळं वहीत उतरवून घेतलं. माणूस गेला की परवाना संपला. बंदूक लगेच ठाण्यात नाहीतर दुकानदाराकडे जमा करायची. मग वारसाने अर्ज करायचा, बाकीच्या वारसांनी नाहरकत द्यायची. सोबतचं सामानही विचारलं. कव्हर, पट्टा, सफाईचा गज — त्याला परवाना लागत नाही. पण आवाज दाबायची नळी सुटी असली तरी कायद्यात तीसुद्धा बंदूकच. "अन् काडतूस एक असो का शंभर, परवान्याबिगर ठेवलं का गुन्हा."

"आणि बंदूक जमाच केली नसेल तर?"

चष्म्यावरून पाहिलं त्यांनी. "तर दोन ते पाच साल. भावाशी भांडून आल्या का काय?"

इतकं बरं वाटलं! येताना गरम कचोऱ्या घेतल्या. हे म्हणाले, "आज काय आहे?" म्हटलं, काही नाही. तुम्ही खा.

२० सप्टेंबर

सहावीच्या वह्या तपासताना एका मुलाचं नाव लाल पेनाने खोडलं. किशोर. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

सापडला!!

त्याचा नंबर ब्लॉक आहे, पण यांच्या मोबाइलवर त्याचं स्टेटस दिसतं. पाटावर बाबांची बंदूक, कुंकू, झेंडूचा हार. खाली लिहिलंय, "बाबा, तुमची आठवण". म्हणजे बंदूक घरातच! जमा केलेलीच नाही! लगेच फोटो आपल्या मोबाइलवर घेतला.

मीही पट्ट्याला हळदकुंकू वाहिलं. त्याच्या टोकाला एक छोटी बंद पिशवी आहे, तिचं बक्कल गंजून बसलंय. पट्टा चांगला जड आहे. बाबांचा हात खांद्यावर पडायचा तसा.

६ ऑक्टोबर

तक्रार स्पीड पोस्टाने रवाना. शेंदूरजन्याच्या ठाण्याला एक, अमरावतीला कलेक्टर कचेरीत एक. सोबत फोटो. चार वेळा शुद्धलेखन तपासलं. यंदा भाऊबीजेला मी ओवाळणार नाही. बस म्हणावं कोठडीत!

१४ ऑक्टोबर, मंगळवार

ठाण्यातून फोन. साहेब म्हणाले, "मॅडम, बंदूक तर तुमच्या भावानं तिसऱ्याच दिवशी आमच्याकडं जमा केली. पावती आहे त्याच्याजवळ." तोंडात मारल्यासारखं झालं.

पण पुढचं ऐकलं आणि जीव थंड झाला! तक्रारीमुळे सगळं पुन्हा मोजलं. बाबांच्या परवान्यावर नोंद दहा काडतुसांची, जमा आठच. किशोरला विचारलं तर आधी म्हणाला, पुन्हा मोजा. मग म्हणाला, "मीच उडोली दोन. बाबा गेल्यावर, डुकरांवर." परवाना नसताना! अटक केली त्याला.

फसला. स्वतःच्या तोंडाने फसला! मी फक्त टाचणी लावली.

१५ ऑक्टोबर

मधल्या सुट्टीत तो फोटो पुन्हा उघडला, मन भरून बघायला. बंदुकीच्या शेजारी, हाराखाली, पट्टा आहे. पट्टा तर माझ्या कपाटात! म्हणजे फोटो गेल्या वर्षीचा, बाबांनी पूजा मांडली तेव्हाचा.

अर्धी रजा टाकून घरी आले. पेचकसाने गंजलेलं बक्कल उचकटलं. आत दोन काडतुसं. लाल.

त्याला माहीत होतं. माझं नाव नाही घेतलं त्याने.

वरूडच्या गाडीने शेंदूरजन्याच्या ठाण्यात निघाले आहे. पट्टा पिशवीत घेतलाय. नाहरकतीवर सहीही केली — पण आता त्याला परवाना देणार कोण?