मासोळीची घंटा

श्री
ता. ३ मार्च

चि. धाकटीस,
अ. आ.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला महिना लागला, कारण महिनाभर हात ग्रीसने काळे आहेत. फोनवर तू नुसतं हं हं करतेस, म्हणून साबण लावून पत्रच लिहायला बसलो. आपली मासोळी सापडली, मी चालवायचो ती बस. जुन्या स्टँडमागे, वर्कशॉपच्या भिंतीला टेकून गवतात उभी होती. काचा गेल्यात, आत कोंबड्यांनी संसार थाटलेला, पण नाक तसंच गोल आणि मागचं अंग तसंच निमुळतं. तिला मासोळी नाव तूच ठेवलं होतंस, आठवतं ना?

आम्ही चार म्हातारे रोज सकाळी जाऊन तिला घासतो. वर्कशॉपमधला फिटर, तिकीटखिडकीवरच्या बाई, माझ्यासारखाच एक जुना ड्रायव्हर आणि मी. परवा इंजिनाने खोकत खोकत पहिला आवाज दिला तेव्हा फिटरच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. डोळ्यांत डिझेल गेलं म्हणाला. आम्ही बरं म्हटलं.

स्टँड मात्र पाडायला काढलंय. तो लांबलचक वळणदार पांढरा सज्जा, एकही टोकदार कोपरा नसलेल्या भिंती, बोटीसारख्या गोल खिडक्या, सगळं जाणार. हल्ली गाड्या ज्या पत्र्याच्या शेडमधून सुटतात तिथं उभं राहिलं की आपण प्रवासी नसून पार्सल आहोत असं वाटतं. आम्ही अर्ज केलाय की निदान सज्जा ठेवा आणि त्याखाली मासोळी उभी करू द्या. निकाल लागेपर्यंत हात लावणार नाही, असं तोंडी सांगितलंय.

३० तारखेला ती स्टँडभोवती एक फेरी मारणार आहे, आणि तिचे कंडक्टर म्हणून मेव्हण्यांच्या नावाची पाटी लागणार आहे. मजकूर मीच दिला. एक घंटा म्हणजे थांब, दोन घंटा म्हणजे नीघ, हे आताच्या लोकांना ठाऊक नसतं म्हणून तेही लिहिलंय. संपाच्या दिवशी जमावाने मागून धरलं असताना त्यांनी घंटेची दोरी दोनदा ओढून गाडी सोडली आणि एकेचाळीस प्रवासी वाचवले, असं. पाटीवरचं कापड तू ओढायचंस. तुझ्याशिवाय पाटी लागणार नाही, असं सांगून ठेवलंय.

गुडघा कसा आहे? भाचीला आशीर्वाद. लोभ आहेच, त्यात काटकसर नको.

तुझा,
दादा

श्री
ता. ९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्रावर ग्रीसचे तीन ठसे होते. म्हणजे साबणही लावला नव्हतास. गुडघा माझ्यासारखाच आहे, कुरकुरतो पण चालतो. मुलगी मजेत आहे. मामा कोंबड्यांना भाडं मागणार का, असं विचारतेय.

मी येणार नाही, दादा. रागावू नकोस, आणि रागावलास तरी ऐक. तुला सज्जा आठवतो, गोल खिडक्या आठवतात. मला दवाखान्यातलं टेबल आठवतं. ओळख पटवायला मला नेलं तेव्हा चेहऱ्यावरून पटेना. एक डोळा जागेवर नव्हता आणि जबडा बाजूला गेला होता. दोन्ही हातांची बोटं मोडलेली होती, तोंडावर हात धरले असतील म्हणून. मी शर्टाच्या तिसऱ्या बटणावरून ओळखलं. पांढरा दोरा संपला होता म्हणून ते मी निळ्या दोऱ्याने लावलं होतं. लोखंडी पाइपने मारलं म्हणाले. मारणाऱ्यांत त्यांच्याच बरोबर डबा खाणारे दोघे होते. आणि ह्यांचं स्वतःचं मन संपाच्या बाजूनं होतं, हे तुला माहीत होतं. सातची गाडी कधी चुकलेली नाही हा हट्ट तुझा. तू एकटा कसा जाशील म्हणून ते आले.

पडू दे ते स्टँड. गुडघा बरा असता तर मीच घण घेऊन आले असते.

पाटीचं तू ठरव. फक्त एक सांग. त्यांनी दोरी ओढली ती कुठल्या हातानं? पाय कुठे होता, पायरीवर की खाली? चौतीस वर्षांत मी हे कधी विचारलं नाही. आता पाटीवर यायचंय तर नीट कळू दे.

उन्हात डोक्याला रुमाल बांधत जा. माया आहे म्हणूनच इतकं बोलले, ती तुझ्याकडूनही आटू नये.

तुझी,
धाकटी

श्री
ता. १७ मार्च

चि. धाकटीस,
अ. आ.

अक्षर बघून घाबरू नकोस. उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, डाव्याने लिहितोय. डोक्याला अकरा टाके पडलेत.

परवा सकाळी साडेनऊला ठेकेदाराची सात माणसं क्रेन घेऊन आली. मासोळीला भंगारात न्यायला. निकाल लागलेला नाही, असं फिटरने सांगितलं, तर एकाने त्याच्या तोंडावर कोपर मारलं. पुढचे दोन दात फरशीवर पडले. खिडकीवरच्या बाई मध्ये पडल्या, त्यांना केसांना धरून बाजूला फेकलं. मग घण काढून गोल खिडक्या फोडायला लागले. ओळीने, एकेक.

माझ्या हातात इंजिन फिरवायचं लोखंडी हँडल होतं. मी ते घणवाल्याच्या खांद्यावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज आला. तो खाली बसला, तरी मी पुन्हा मारलं. खरं सांगतो, मला बरं वाटलं. फार वर्षांनी बरं वाटलं. तिसऱ्यांदा उचललं तेवढ्यात माझ्या हातावर आणि मग डोक्यावर काहीतरी बसलं.

डोळ्यांत रक्त उतरलं होतं तसाच मी मासोळीत चढलो आणि डाव्या हाताने इंजिन चालू केलं. तिला घेऊन निघायचं एवढंच डोक्यात होतं. तेवढ्यात मागच्या पत्र्यावर कुणीतरी हात मारला. एकदाच. आणि माझा पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर दाबला गेला.

गाडी दोन हात पुढे सरकली आणि बंद पडली. मागे फिटर होता. दाराचा दांडा धरून लोंबकळत होता. त्याला आत यायचं होतं, आणि दोघं त्याला पाय धरून ओढत होते. इंजिन बंद पडलं नसतं तर मी गेलो असतो. पुढच्या मिनिटाला पोलीस आले म्हणून तो वाचला.

तू हात विचारलास, पाय विचारलास. सांगतो. त्या दिवशी फाटकात पिंपं आडवी टाकली होती. मेव्हणे उतरले, पिंपं बाजूला केली आणि मागच्या दाराकडे धावले. आरशात मला सगळं दिसत होतं. त्यांना कॉलरला धरलं, डोक्यात पाइप बसला. तरी ते गाडीपर्यंत पोचले आणि पत्र्यावर हात मारला. एकदाच, धाकटे. मला स्पष्ट ऐकू आलं. थांब. रस्ता मोकळा होता, आणि मी गाडी काढली. प्रवाशांसाठी नाही. स्वतःसाठी. संध्याकाळी सगळे विचारायला लागले तेव्हा माझ्या तोंडून दोरी आणि दोन घंटा निघाल्या. लोकांनी ते उचलून धरलं आणि मीही.

पाटीचा मजकूर परत मागवलाय. मोडलेल्या खांद्याबद्दल माझ्यावर खटला होईल, तो होऊ दे. सज्जा अर्धा उरलाय. घडल्या प्रकारामुळे पाडकाम थांबवलंय आणि मासोळीच्या फेरीला परवानगी मिळालीय. तोवर प्लास्टर निघणार नाही, पण डावा हात आहे, आणि गिअर टाकायला फिटर शेजारी बसेल म्हणतोय. मी तोंड वर करून कसा बसू त्या जागेवर?

लोभ मागायचा हक्क राहिलेला नाही. म्हणून मागत नाही.

दादा

श्री
ता. २४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वरची ‘दादा’ ही दोन अक्षरं लिहायला चार दिवस लागले.

त्या दिवशी गाडीत दोरी नव्हती, दादा. आदल्या संध्याकाळी ती तुटली होती आणि हे ती घरी घेऊन आले होते. मी मेण लावलेल्या दोऱ्याने ती जोडत होते, झाली नाही. सकाळी निघताना म्हणाले, असू दे, आज पत्रा वाजवून भागवतो. तू दूध घेऊन आमच्याकडे आलास तोवर उशीर झालेला, घाईत तुझं लक्ष गेलं नसेल. नंतर दारात उभा राहून तू म्हणालास, त्यांनी दोरी ओढली. दोरी माझ्या मागे स्वयंपाकघरात खिळ्याला लटकत होती.

मी गप्प राहिले. पहिल्या वर्षी तू मुलीला शाळेत न्यायला यायचास. एकदा तू पाठमोरा बसून तिच्या बुटाची नाडी बांधत होतास आणि माझ्या हातात भाजीची सुरी होती. तुझ्या मानेवरचा तीळ मला अजून दिसतो. मी दोन पावलं पुढे आलेही होते. मुलीने पाणी मागितलं. मी सुरी ठेवली आणि पाणी दिलं. तुलाही दिलं.

मग मी स्वतःची समजूत घातली. दादा दोरीचं चुकून बोलला, पण त्यांनी पत्रा दोनदा वाजवला असेल. त्या दुसऱ्या ठोक्यावर मी इतकी वर्षं काढली. तो तू आता काढून घेतलास. तुझं पत्र वाचून मी कपबशी भिंतीवर फेकली. मग दुसरी फेकली. सहाच्या सहा संपल्यावर मुलगी धावत आली. तिला सगळं सांगितलंय. ती तुझ्याशी बोलेल की नाही, ते तिचं ती बघेल.

३० तारखेला मी येते. पाटीसाठी नाही. दोरी घेऊन येते. ती मी पुढं जोडून घेतली होती, तिच्यावर मुलीचे फ्रॉक वाळत घातले, नंतर माझी लुगडी. अजून मजबूत आहे. फिटरना म्हणावं, छताचे आकडे तपासून ठेवा, आणि दातांचं बघा.

गाडी तूच चालवायचीस. मी मागच्या दाराशी उभी राहीन. फेरी सुरू झाली की दोरी एकदा ओढीन. तू थांबायचंस. इंजिन बंद करायचंस, खाली उतरायचंस, चालत मागे यायचंस आणि माझ्यासाठी दार उघडायचंस. मी तुझा हात धरून उतरेन की तुझ्या थोबाडीत मारीन, ते मला आज माहीत नाही.

टाके ओले करू नकोस. लोभाचं दार उघडल्यावर बघू.

धाकटी