आठवड्याचे वीस तास

शनिवार, १ नोव्हेंबर
बाळ गौतमी, तिकडे परदेशात कशी आहेस? खोकला गेला का, की अजून रात्रीचा कफ दाटतोच? तुझ्याबरोबर राहणाऱ्या आरिफाची अक्कलदाढ काढली का? तिला म्हणावं, लवंग धरून ठेव. आणि तुमच्या तिसरीचा, मेधाचा, मुरगळलेला पाय जिन्यावर त्रास देतो का? आणि तुमच्या खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई? कंबरेला शेक घेतात ना? त्यांचं ते लठ्ठ मांजर तरी धड आहे ना?

तूच म्हणालीस, आत्या, फोनवर तू नुसतं ‘जेवलीस का’ एवढंच विचारतेस, बाकीचं वहीत लिही आणि पानाचा फोटो पाठव. तर ही घे नवी वही. अक्षराला हसू नकोस. मी खोक्यांवरची नावं वाचत वाचत शिकलेली बाई.

आज मुठा गावात आले. उरवड्याच्या कँटीनमध्ये बावीस वर्षं पोळ्या लाटल्या, आता हा बंगला सांभाळायचा. मालक पुण्याला असतात, दोन महिन्यांतून एकदा येतात. काम कसलं, आरामच: झाडलोट, झाडांना पाणी आणि दुपारी बाराला मागच्या दगडापुढे नैवेद्याचं पान. दगड करंजाखाली आहे, शेंदूर लावलेला. इथला राखणदार. समोर खाचरांत भात कापून पसरलाय, त्याचा वास थेट स्वयंपाकघरात येतो. ओट्याखाली एक भलीमोठी भट्टी आहे, केक भाजायची. मी तिच्यात परात ठेवली.

फाट्यावर हसिनाबाईंचं किराणा दुकान आहे. चावी त्यांच्याचकडे होती. चहा पाजला, हसल्या, बोलल्या. उठताना तेवढं बजावलं, की पान ठेवायचं आन् मागं फिरायचं, तितं तोंडातनं शबूद काढायचा न्हाई. मी म्हटलं, बरं.

रविवार, २ नोव्हेंबर
तुझा फोन आला आणि जेवण गोड लागेना. दोन महिने झाले तुला काम शोधताना. चौदा दुकानांत कागद देऊन आलीस, सगळीकडे ‘कळवतो’. वर्ग चालू असताना आठवड्याला वीसच तास काम करता येतं, आणि हॉटेलवाल्यांना हवीत शनिवार-रविवार दिवसभर राबणारी माणसं. एकाने सांगितलं म्हणे, कागदावर वीस लिहू, तू पस्तीस कर. तू नाही म्हणालीस ते फार चांगलं केलंस. व्हिसाचा नियम मोडला तर घरी पाठवतील, आणि इतकी शिकून पोर अर्ध्यातून परत आली तर मला कसं पाहवेल?

दुपारी पान घेऊन गेले. मुक्यानं ठेवणार होते, पण जीव राहिना. आपल्याकडे नव्या जागेच्या राखणदाराला घरची माणसं एकेक करून सांगतात, म्हणजे त्याला आपली ओळख पटते. तशी सांगितली. आधी तुझा बाप रोहित, गेलेला असला तरी घरचाच. मग मी. मग तू. आणि म्हटलं, पोरीला काम लाव रे बाबा, ती तुझ्या पदरात घातली.

मन कसं हलकं झालं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
लागलं की गं काम! तू अर्जही केला नव्हतास आणि आपणहून निरोप आला. गावाच्या टोकाला कुणा म्हाताऱ्याचं घर, पाच दिवस, रोज चार तास. बरोब्बर वीस. सगळं कागदोपत्री. काम काय, तर घरात बसायचं आणि वेळ झाली की मागच्या दाराशी एक ताट ठेवून मागे फिरायचं. बोलायचं नाही. तू हसत होतीस, आत्या, तुझ्यासारखंच काम मिळालं म्हणत होतीस.

साखर घेऊन हसिनाबाईंकडे गेले. त्यांनी हात पुढे केला नाही. विचारलं, तुमी तितं बोललात व्हय? मी म्हटलं, पोरीसाठी दोन शब्द. त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं आणि आतूनच म्हणाल्या, उद्यापासनं सामान दुसरीकडनं आणा, रत्नाबाई.

माझं काय चुकलं?

बुधवार, ५ नोव्हेंबर
शेजारच्या खाचरात वाल्मीक नावाचा माणूस भात झोडत होता. मी बांधावर पाय ठेवला तसा ओरडला, हितं पाऊल टाकायचं न्हाई. लांबूनच सांगितलं. माझ्याआधी रजनी नावाची बाई बंगल्यावर होती. तिनेही दगडाला विचारलं, शेखरला कामाला लाव. शेखर तिचा मुलगा. दुसऱ्याच दिवशी लागला, कुठल्या तरी मोठ्या शहरात, पहाऱ्याचं काम. आठ तासांची पाळी. ती पाळी अजून सुटलेली नाही, सात वर्षं झाली. त्याला काम मागाल तर तो काम देतो, लई काम देतो, असं म्हणून वाल्मीक माझ्याकडे पाठ करून पुन्हा झोडायला लागला.

माणसं नव्याला घाबरवतात. कँटीनमध्येही पहिल्या दिवशी मला भट्टीतलं भूत दाखवलं होतं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
तू सांगितलंस ते तसंच लिहिते, म्हणजे माझंच मला समजेल. तू सकाळी दहाला आत जातेस. आत बसून बसून अंग आंबतं, तीनदा भूक लागते, तीनदा झोप येते. बाहेर येतेस तर दोन वाजलेले. चारच तास. तासांच्या कागदावर चारच. पण तुझी नखं आठवड्याची वाढलेली.

आणि मागच्या दाराशी ठेवायच्या ताटात आज अर्धी भाकरी होती. कडेला अंगठा दाबल्याची खूण. तू म्हणालीस, आत्या, तुझ्या हातची वाटली.

गौतमी, आज दगडापुढे मी अर्धीच भाकरी ठेवली होती.

शनिवार, ८ नोव्हेंबर
मी सांगितलं तशी तू कॉलेजच्या ऑफिसात गेलीस. म्हणालीस, माझ्याकडून जास्त तास करून घेतात. त्यांनी कागद पाहिले. वीस म्हणजे वीस, कुठे काना-मात्रेची चूक नाही. नियम पाळलाय, तक्रार कशाची?

परवा मी व्हिसा मोडेल म्हणून भीत होते. आज म्हणते, मोडू दे, तुला धरून घरी पाठवू देत. पण मोडतच नाही.

तिथे जाऊ नकोस. काम सोड.

रविवार, ९ नोव्हेंबर
सोडलंस म्हणालीस. तरी सकाळी दहाला पाय त्याच दाराशी. रविवार असून.

मागच्या दाराचा फोटो पाहिला. झाड. दगड. शेंदूर अजून ओला, आज इथे मी लावला तसाच. माझ्याच बोटांचे तीन पट्टे —

सोमवार, १० नोव्हेंबर
आज पान ठेवलं नाही. म्हटलं, माझा शब्द परत दे. पानगळ नाही, वारा नाही, काही नाही.

हसिनाबाईंचं शटर बडवलं. आतून म्हणाल्या, पदरात घातलेलं मागं मिळत न्हाई, बदली द्यावा लागतो, आन् बदली घिऊन तो सोडंल असं कुनी सांगितलंय? रजनीनं बी दिला. सोत्ताला. मग विचारलं, तुमाला इतक्या दिसात बंगल्यात कुनाचा पायरव न्हाई आला? आणि रडायला लागल्या. दार उघडलं नाही.

पायरव येतो. मला वाटायचं, उंदीर.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
बाराला गेले. म्हटलं, मी जन्मभर राबलेली बाई, मला घे, पोर अजून शिकतेय, तिला सोड.

पान ठेवलं. मागे फिरले.

मंगळवारच
अजून दुपार आहे. सावली पायाखालीच. भात शिजवला, खाल्ला, भांडी घासली, निजले, उठले. घड्याळात बारा. फाटकापर्यंत चालते, चालते, पुन्हा ओट्याशी. वाल्मीकचा हात वर उचललेला आहे, भाताची पेंढी हवेत, खाली येत नाही.

नखं वाढली.

चालेल. माझं चालेल. तू सुटलीस ना?

मंगळवार
तुझा फोन आला! सुटले म्हणालीस. आवाज कसा टवटवीत. मी रडले. खूप वेळ बोललीस, सगळ्यांची एकेक करून चौकशी केलीस. बाबा कसे आहेत, आत्या कशी आहे, गौतमी —

आधी रोहित. मग मी. मग तू. मी दगडाला सांगितली त्याच ओळीनं.

बापाला जाऊन सहा वर्षं झाली. त्याला तूच पाणी पाजलंस. तू कशाला विचारशील, बाबा कसे आहेत —

मंगळवार
पुन्हा फोन. रोहित कसा आहे. रत्ना कशी आहे. गौतमी कशी आहे. तुझाच आवाज. पाठीमागे पेंढी झोडल्याचा —

तिथे कुठला भात?

मंगळवार
या पानाचा फोटो पाठवतेय. गौतमी, फोन करू नकोस. फोनवर तूच आहेस का, हे मला कळत नाही. हातानं लिही. एकच ओळ लिही, आणि खाली ती चिमणी काढ, लहानपणी माझ्या पिठात बोटानं काढायचीस ती, एका पायाची. ती मी कुणाला सांगितलेली नाही. त्यालाही नाही. चिमणी दिसली की समजेन, तू बाहेर आहेस. मग मी इथे कितीही —

फोन वाजतोय. उचलत नाही.

दारात कुणी ताट ठेवून गेलं. मागे वळून पाहिलं नाही तिनं. पाठमोरी वेणी तुझ्या —

लिही, बाळा. लवकर लिही. चिमणी काढ आणि लव