सगळे हात माझे

४ मे, सकाळी ७
लेकीच्या घरातली पहिली सकाळ. परदेशातल्या मुलाशी लग्न करते म्हणून तिच्या लग्नाला आलो नव्हतो. त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून बोलणं हिच्या, म्हणजे बायकोच्या, मार्फतच. आता पंधरा दिवसांत सगळं सरळ करायचं. संकल्प : आज जेवण झालं की लेकीला एकटं गाठून 'चुकलं माझं' म्हणायचं. अर्धं मिनिट पुरे.

४ मे, दुपार
जमलं नाही. जावयाने तिसऱ्यांदा वाढलं. भरल्या पोटी नाजूक विषय काढू नयेत.

५ मे
व्याह्यांची भेट. रिटायर्ड सुतार, खालच्याच मजल्यावर राहतात. त्यांची भाषा मला येत नाही, माझी त्यांना येत नाही. त्यामुळे एकदाही मतभेद झाला नाही. त्यांनी खणातून पत्ते काढले. अजब प्रकार! चाळीसच. बदाम नाही, इस्पिक नाही. मासे, चाव्या, घंटा आणि पानं. राजा आहे, राणी नाही. तिच्या जागी बाजा वाजवणारा एक जाडा माणूस.
मी कॉलनीचा मेंढीकोटचा नऊ वर्षं चॅम्पियन. एकदम प्रकाश पडला. आधी पत्त्यांत व्याही जिंकायचे, मग लेक आपोआप. बोलावंसुद्धा लागणार नाही.

६ मे
रोज चारला स्वयंपाकघरातल्या टेबलावर डाव. व्याही, विहीणबाई, जावई, लेक आणि मी. ही नुसती बघते. लेक नियम सांगू लागली. म्हटलं, पत्ते तू माझ्याच मांडीवर बसून शिकलीस, मला काय शिकवतेस? ती पत्ते पिसू लागली. नंतर वाटलं, सांगू द्यायला हवं होतं. पण पत्ते जगात सगळीकडे सारखेच.
पहिल्याच डावात आठपैकी सहा हात माझे! व्याह्यांनी खांदा थोपटला.

८ मे
आठपैकी सात! जावयाने कपाळावर हात मारून घेतला. गुण लिहायला भिंतीवर लावलेल्या कागदावर सगळ्यांत मोठा आकडा माझा. व्याही प्रत्येक डावानंतर मला स्वतः पाणी आणून देतात. याला म्हणतात मान.
लेकीशी आज बोलणार होतो. पण जिंकल्या तोंडाने माफी मागणं बरं दिसत नाही. उद्या.

१० मे
लेकीने आपली जागा हिला दिली. हिला एकही हात करता येत नाही, तरी विहीणबाई तिची पाठ थोपटतात. धीर देत असणार. एकमेकींचं अक्षर न कळता दोघी अर्धा तास खिदळत होत्या. मी हिला बाजूला घेऊन उतारी कशी करायची ते समजावलं. म्हणाली, उतारी राहू द्या, आधी पोरीशी बोला. म्हटलं, तेच तर चाललंय.

१२ मे, ३:५०
लेक खोलीच्या दाराशी आली. बाबा, जरा बसू का, म्हणाली. मी म्हटलं, डावाची वेळ झाली. दहा मिनिटं होती अजून. छाती धडधडत होती. बी.पी. असेल.

१४ मे
जावयाने आज मोडक्या इंग्रजीत सांगितलं. या खेळात हात घ्यायचे नसतात. ज्याचे कमी, तो जिंकला. भिंतीवरचा आकडा दंडाचा. पहिला नंबर हिचा, एकही हात न केलेल्या माझ्या बायकोचा.
आधी का नाही सांगितलं, म्हणून मी चढ्या आवाजात विचारलं. तो म्हणाला, तुमच्या मुलीने बजावलं होतं. बाबा तीन वर्षांनी आलेत, हसतायत, कोणी काही बोलू नका.
बाथरूममध्ये नळ सोडून बसलो. तोंड धुतलं. तीन वेळा.

१५ मे
संकल्प : एकही हात घ्यायचा नाही. मग ताठ मानेने बोलायचं. पाच आले. हाताला वळणच तसं.

१६ मे
सहा. एक तर चक्क हुकमी पान टाकून घेतला. व्याह्यांनी पाणी आणलं. प्यायलो नाही. मग प्यायलो.

१७ मे, संध्याकाळी ६
उद्या निघायचं. चारला टेबलावर पत्तेच नव्हते. ही, व्याही, विहीणबाई, जावई, सगळे फिरायला गेलेले. ठरवून गेले, न कळायला मी कुक्कुलं बाळ नाही. टेबलाच्या एका बाजूला लेक, एका बाजूला मी. दारं बंद. चुकवायला जागा नाही.
बराच वेळ ती टेबलक्लॉथच्या सुरकुत्या काढत होती. मग म्हणाली, बाबा, लग्नात पहिल्या रांगेत तुमची खुर्ची ठेवली होती. शेवटपर्यंत कोणाला बसू दिलं नाही. एवढंच बोलली आणि माझ्याकडे बघत थांबली.
मी तोंड उघडलं. विचारलं, बॅगेचं वजन बघायला काटा आहे का घरात?
ती उठली. काटा आणला. बॅग दोघांनी मिळून उचलून ठेवली.
बावीस किलो सहाशे. तेवीसपर्यंत चालतं.