बोलता वर्ग, पाच ते सहा

१८ ऑगस्ट, सोमवार
शाळेत इंटरॅक्टिव्ह पॅनल बसला, म्हणजे फळ्याएवढा टचस्क्रीन. स्पीकर, माईक, सगळं आतच. हेडमास्तर भगवानराव सरांनी त्याला हार घातला, नारळ फोडला आणि विचारलं, हा चालवणार कोण? अख्खा स्टाफ खाली बघायला लागला. मी उभा राहिलो. लीडरशिप अशीच जन्माला येते.

संकल्प: नववीच्या मुलांना महिन्याभरात बोलतं करायचं. मुलं हुशार आहेत, पण चार लोकांत तोंड उघडत नाहीत. प्रोजेक्टचं नाव 'बोलता वर्ग'. सप्टेंबरअखेर शिक्षणाधिकारी मॅडम तपासणीला येणार. त्यांना पसंत पडलं तर जिल्ह्याचा मार्गदर्शक शिक्षक म्हणून माझी निवड. मग बुलढाण्याला ऑफिस, खडूला रामराम.

उंद्रीला सासूबाईंना फोन करून निवड झाली असं सांगून टाकलं. होणारच आहे तर उशीर कशाला? वंदना म्हणाली, आधी होऊ तर द्या. माझ्या बायकोला व्हिजन नाही.

२० ऑगस्ट, बुधवार
शाळा पाचला सुटते, म्हणून 'बोलता वर्ग' पाच ते सहा ठेवला. अभ्यास बुडत नाही आणि माझा त्यागही दिसतो.

आज पहिला तास. विषय, संवादाचं महत्त्व. वक्ता मी. पूर्ण तासभर पिन-ड्रॉप सायलेन्स. फक्त धम्मशीला मध्येच उभी राहिली. सर, वरच्या वस्तीची बस सव्वापाचले जाते, असं काहीतरी सुरू केलं. तिला खाली बसवलं. सांगितलं, संवादाच्या तासाला मध्ये बोलायचं नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार
रेकॉर्डिंग सुरू. प्रत्येकाने कॅमेऱ्यासमोर दोन मिनिटं मनातलं बोलायचं.

निराशा. पहिल्या बाकावरचा संघर्ष म्हणतो, सर, मले हासूच येऊन राह्यलं. तो हसला, त्याला बघून माझा मोबाईल धरलेला गणेश हसला, कॅमेरा हलला. अश्विनी बोलली खरी, पण भलतंच. म्हणे, वर्ग सुटेपर्यंत बस निघून जाते, मंग आमी वस्तीवरच्या पोरी जंगलातून पायी जातो, परवा ओढ्यापाशी अस्वल दिसलं, आजी म्हणते काऊन जातं आता शाळेत. विषय नाही, प्रस्तावना नाही, समारोप नाही. नजर जमिनीवर. डिलीट केलं.

निष्कर्ष: मुलांकडे कंटेंट नाही. भाषणं मीच लिहून देणार.

४ सप्टेंबर, गुरुवार
लिहून दिली. संघर्षला 'वेळेचे महत्त्व', अश्विनीला 'मुलींचे शिक्षण'. दर्जा राज्यस्तरीय. पण मुलं ती रेशनच्या यादीसारखी वाचतात. सुरात वऱ्हाडी ते वऱ्हाडीच. मॅडम पुण्याकडच्या असल्या म्हणजे?

वंदना म्हणाली, तुम्ही झोपेत कोणत्या भाषेत बोलता ठाऊक आहे का? झोपेतलं धरायचं नसतं.

९ सप्टेंबर, मंगळवार
मार्ग सापडला! मुलांनी नुसते ओठ हलवायचे, आवाज माझा. मुलींसाठी आवाज बारीक करणारं ॲप आहे. फुकट. अश्विनीपासून सुरुवात केली. काय बोलते पोरगी! म्हणजे मी.

धम्मशीलाचे बाबा प्रेमानंद भेटायला आले होते. सर, माह्या पोरीले मी गाडीवर नेतो, पन बाकीच्या पोरीयचं काय, असं म्हणाले. त्यांचा आय-कॉन्टॅक्ट फार कमजोर आहे. त्यावर अर्धा तास मार्गदर्शन केलं. जाताना एकदम गप्प झाले होते. विचारात पडले असावेत.

१७ सप्टेंबर, बुधवार
अश्विनी गेल्या गुरुवारपासून आलेली नाही. काळजी वाटली. मग आठवलं की तिचा व्हिडिओ तयार आहे. काळजी मिटली.

धम्मशीला स्टाफरूमच्या दारात दोनदा येऊन उभी राहिली. मी एडिटिंगमध्ये होतो, हाताने नंतर ये म्हटलं. या मुलीला टायमिंग शिकवायला हवं.

२३ सप्टेंबर, मंगळवार
रंगीत तालीम. मॅडमनी प्रश्न विचारला तर सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येत असेल तर उजवा, नसेल तर डावा. ही पद्धत मला माझ्या गुरुजींनी दिली. टेक्नॉलॉजी कितीही आली तरी परंपरा सोडू नये.

सासूबाईंनी गावात पेढे वाटले म्हणे.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
तपासणी झाली. घडलं तसं लिहितो.

व्हिडिओ लावले. तिसऱ्याला मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, ही सगळी मुलं एकाच घरची आहेत का? मी म्हणालो, एका कुटुंबासारखी आहेत. भगवानराव सरांना खोकला आला.

मग अश्विनी लागली. शिकलेली मुलगी दोन्ही घरं उजळते, वगैरे. मॅडम म्हणाल्या, छान, ही कुठे बसते? मुलांनी बाकाकडे बघितलं. बाक रिकामा. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, पॅनलवर आहे ना.

तेवढ्यात धम्मशीला उठली. मॅडम, आमच्या आवाजात सांगू का? मॅडम हो म्हणाल्या. आणि तिने सांगितलं. हातात कागद नाही, अडखळणं नाही. बस कधी जाते, वर्ग कधी सुटतो, वाट कशी आहे, अस्वल कुठे दिसलं, अश्विनीच्या घरच्यांनी तिला घरी का बसवलं. संघर्षने पुस्ती जोडली, आणि त्याला हसू आलं नाही. मी कोपऱ्यात उभा राहून मनात गुण देत होतो. आय-कॉन्टॅक्ट उत्तम, मुद्दे क्रमाने, समारोप प्रभावी. महिन्याभराच्या मेहनतीचं चीज झालं असंच मला वाटलं.

मॅडमनी मला विचारलं, सर, हे तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं? मी म्हणालो, नाही. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. एकानेही हात वर केला नाही.

जेवण गेलं नाही. वंदनाला सांगितलं, ॲसिडिटी.

२९ सप्टेंबर, सोमवार
निवड दुसऱ्या कोणाची तरी. राजकारण, दुसरं काय.

मॅडमचा शेरा: मुले उत्तम बोलतात. शिक्षकांनी ऐकावे. पहिल्या वाक्याचा फोटो काढून स्टेटसला ठेवला.

भगवानराव सरांनी पाच ते सहा बंद केला. म्हणाले, पाचची घंटा झाली का पोरी बसमधी दिसल्या पाह्यजे. आणि अश्विनीले तुमीच आना, शेखर सर, दुसऱ्याले धाडू नका. बरोबरच आहे. हे काम कम्युनिकेशनवाल्याचंच.

सासूबाईंचे फोन येऊन गेले. रेंज नव्हती असं सांगेन.

३० सप्टेंबर, मंगळवार
मोटरसायकल गॅरेजला, म्हणून सव्वापाचच्याच बसने वस्तीवर गेलो. बस तिथे थोडी थांबून परत फिरते. अश्विनीचे वडील कारभारी सोयाबीनच्या शेतातून नुकतेच आले होते. आजी गोजरबाईंनी चहा टाकला. मी सुरुवात केली. प्रस्तावना, मुद्दे, उदाहरणं, परदेशातली एक गोष्ट. आजी मध्ये दोनदा काही म्हणायला गेल्या, मी हाताने थांबवलं. लय तुटते.

संपल्यावर आजी म्हणाल्या, सर, बस चालली म्हून सांगून राह्यली होती मी. गेली आता.

कारभारी म्हणाले, तो जास्तीचा तास बंद झाला, एवढंच सांगाचं होतं नं सर? तेवढं आल्या आल्या सांगतलं असतं तं तवाच हो म्हनलं असतं. पोरगी येईन उद्यापासून.

प्रेमानंदची गाडी वस्तीवर नव्हती. पायीच निघालो. कारभारी काठी घेऊन सोबत आले, बॅटरी धरायला अश्विनी. एवढा अंधार असतो हे मला माहीत नव्हतं. या वाटेने या पोरी रोज गेल्या, माझ्या तासानंतर.

ओढा आला तसे कारभारी थांबले. म्हणाले, आता मोठ्यानं बोलत चाला, सर. मानसाचा आवाज आला का अस्वल बाजूले होते.

मला एक शब्द सुचेना.  शेवटी पाढे म्हणायला लागलो. सतराच्या पाढ्यात अडलो. पुढचे अश्विनी खणखणीत म्हणत गेली, आणि मी तिच्या मागे मागे.