रोमाचा घास

अक्षरा,

मी सातच्या गाडीनं नांदेडला बाबांकडं जाते आहे. भात झाकून ठेवलाय, क्लासहून आलीस की खाऊन घे. रोमाची ताटली उचलू नकोस. बाबांना दवाखान्यात नेलं त्याला आज तिसरा दिवस, तिनं अजून तोंड लावलं नाही.

पोलिसातल्या कुत्र्याला तसंच शिकवतात, आपल्या हवालदारानं "खाओ" म्हटल्याशिवाय खायचं नाही. किल्लारीच्या भूकंपात दिवसभर ढिगारे हुंगून आली तरी बाबांनी म्हणेपर्यंत ती भाकरीसमोर बसून राहायची. रिटायर होऊन घरी आली तेव्हाच तिची ही सवय मोडायला पाहिजे होती. बाबा म्हणाले, "राहू दे की, मी कुठं चाललोय?" काल तू त्यांचा आवाज काढलास, तर बिचारीनं शेपूट हलवली आणि परत दाराकडं बघत बसली.

मी जेवले का, हे शेजारच्या काकूंना विचारू नकोस. मुक्या जिवाला घातल्याशिवाय घास घ्यायचा नाही, हा माझा नेम आहे. लिंगपूजा करून तीर्थ घेतलंय, तेवढं पुरे.

तुझा टेप नेते आहे. फिजिक्सची कॅसेट थोडी पुसली जाईल, रागावू नकोस बाई. लकव्यानं बाबांची जीभ जड झालीय, पण शब्द दोनच अक्षरांचा आहे. महादेव त्यांच्या तोंडून काढून घेईल. नाहीच निघाला, तर त्यांचं नुसतं खोकणं भरून आणते.

तेवढं तरी ती ओळखील.

आई