चिंधी बांधलेलं झाड

इब्रामपूर,
९ डिसेंबर १९८७

प्रिय उषा,

तुला आणि विजयरावांना आशीर्वाद. इथे मी आणि मधुकरदादा बरे आहोत, म्हणजे वेळेवर जेवतो आणि एकमेकांशी बोलत नाही. गोवा राज्य झालं, कोंकणी राजभाषा झाली. तुझं कारापूरचं टपाल इथे यायला मात्र अजून नऊ दिवस लागतात.

तुमच्या मोसंबीच्या कलमांची पानं पिवळी पडली, आता शेजारच्या जुन्या झाडांचीही पडताहेत, हे वाचलं. "पद्मावहिनीने मुद्दाम रोगट कलमं दिली," असं लिहिलंस. मेलेल्या बाईवर लिहायला शाई बरी पुरते तुला!

काल शेतकी खात्याचा माणूस आला होता. इथलीही पाच झाडं गेली. म्हणाला, "झाड आजारी पडलं की पानातून हवेत सुटणारी रसायनं बदलतात, पान पिवळं व्हायच्या कितीतरी आधी. पण ते ओळखायला यंत्र हवं."

मी म्हटलं, "यंत्र होतं आमच्याकडे. चतुर्थीत वारलं."

त्याने चहा अर्धाच पिऊन ठेवला.

वहिनी रोज सकाळी झाडाझाडाचं पान चोळून हुंगायची, तुला आठवत असेल. वास बिघडलेल्या झाडाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची, त्या झाडाचं कलम कुणी घेऊ नये म्हणून. दादा हसायचा. मी तर कॉन्व्हेंटात शास्त्र शिकलेली, तीस वर्षं ते शिकवलेली. म्हटलं, "वहिनी, तुझ्या नाकाला पगार सुरू करूया का?"

आता लिहितेच. तुझ्या कलमांसाठी झाड मी निवडलं. विहिरीजवळचं, सगळ्यांत हिरवंगार. त्याला चिंधी होती.

"बाय, त्या झाडाचा नको गो. पानाक वास वेगळो येता. व्हाळाकडचा घे," वहिनी ओहोळाकाठचं झाड दाखवत म्हणाली होती.

मी तिच्यासमोर चिंधी सोडली, त्याच चिंधीने हात पुसले आणि माळ्याला कलमांसाठी त्याच झाडाच्या फांद्यांवरचे डोळे काढायला लावले. कलमं तयार झाल्यावर मुळांना ओलं गोणपाट वहिनीने बांधलं, म्हणून तुला वाटलं तिने दिली. मी तसंच वाटू दिलं.

सगळी उपट आणि जाळ. जुन्या झाडांचं काय करायचं, मला विचारू नकोस. काल दुपारभर मी इथे एकेक पान चोळत बसले होते. मला सगळ्याच पानांना मोसंबीचाच वास आला.

हे पत्र विजयरावांना मोठ्याने वाचून दाखव. वहिनीचं नाव येईल तिथे थांबू नकोस.

तिची आणि तुझी अपराधी,
ताई