पंखा एकदाच फिरतो

शुक्र., १० ऑक्टोबर १९९७
उद्या दसरा. आई टिटवाळ्याहून सकाळी येणार, संध्याकाळी परत. दादा सोबत नाही, त्यामुळे निवांत बोलता येईल.
कॉम्प्युटरचं मशीन उघडून साफ केलं. डिस्प्ले कार्ड काढून त्याचे सोनेरी दात खोडरबराने घासले. कार्ड वर्तमानपत्रावर ठेवलंय. झाकण मुद्दाम लावलं नाही, आईला आतलं सगळं दिसू दे.
नौपाड्यातल्या प्रेसची वधू-वर सूची निम्मी टाइप झाली. दिवाळीआधी द्यायचीय. दादाचं म्हणणं तेच: दिवाळीपर्यंत हे काम जमलेलं दिसलं तर ठीक, नाहीतर डोंबिवलीची खोली सोड आणि माझ्या कंपनीत स्टोअरला लाग. जमलं तर आई इथे राहायला येईल. हे तिने स्वतः म्हटलंय, मी नाही.

शनि., ११ ऑक्टो. दसरा
आई आली. झेंडू, आपटा, डब्यात बासुंदी. कीबोर्डला, मॉनिटरला हळदकुंकू लावलं. मग उघड्या डब्यात वाकून म्हणाली, "एवढं सगळं तू लावलंस?"
हो म्हटलं.
"मग बारावीलाच काय झालेलं रे तुला?"
हसत म्हणाली, म्हणून मीही हसलो. वर्तमानपत्रावरच्या कार्डाला बोट लावून विचारलं, हे काय करतं. सांगितलं, हे नसेल तर पडद्यावर काहीच दिसत नाही. मान डोलावली. फुलं आत टाकू नकोस, पाकळ्या पंख्यात अडकतात, एवढं बजावलं आणि चहा टाकायला गेलो. तोवर पूजा उरकली तिने.
संध्याकाळी स्टेशनवर सोडून आलो. खोलीत उदबत्तीचा वास आहे. खिडकी उघडली नाही.

रवि., १२
कार्ड बसवलं, बटण दाबलं. पंखा एकदा गर्रकन फिरला आणि थांबला. परत दाबलं. एकदाच फिरतो.
परवापर्यंत व्यवस्थित चालू होतं.

सोम., १३
पॉवर सप्लायचा संशय. बिल्डिंगचा पाण्याचा पंप लागला की दिवे मंद होतात, त्यातच गेला असणार. कल्याणला सतीशकडे गेलेलो. तो मशीन जोडून विकतो, सुटे भाग मी त्याच्याकडूनच घेतलेले. एक चालू सप्लाय दिला त्याने. घरी येऊन जोडला. तोही तसाच. एक गिरकी आणि बंद.
म्हणजे सप्लाय नाही.
आज कोणाशी बोललो? सतीश, रिक्षावाला.

मंगळ., १४
कार्ड काढून चालू केलं. पंखा फिरतोय! एक लांब बीप, मग छोट्या. कार्ड नसलं की मदरबोर्ड असाच ओरडतो, बरोबर आहे. कार्ड लावलं की पंखा बंद.
म्हणजे कार्ड शॉर्ट. नवीन कुठून आणू आता.

बुध., १५
कार्ड घेऊन पुन्हा कल्याण. सतीशच्या मशीनला लावलं, लख्ख चित्र. तो म्हणाला, कार्ड ठणठणीत आहे, तुझा बोर्ड गेला. वर म्हणाला, "विकून टाक सगळं. काय एकटा त्या डब्यासमोर बसतोस, लग्नाच्या याद्या बनवत. स्वतःचं नाव टाक एकदा त्यात."
त्याची बायको आतून हसली. पोहे दिलेले तिने. अर्धे ठेवले.

गुरु., १६
खालच्या जोशीकाकूंकडे दादाचा फोन. चालतंय का, विचारलं. बघतोय म्हणालो.
"म्हणजे बंद आहे."
मी फोनची वायर बोटाला गुंडाळत राहिलो.
"आईला उगाच आशा लावू नकोस, दिनू. ती इथे भांडी वेगळी काढून ठेवायला लागलीय."
काकू वाटाणे सोलत तिथेच बसलेल्या. थँक्यू म्हणून वर आलो.
मशीन बंद म्हणून सूचीची उरलेली पानं हातानेच तपासली. एका मुलीने 'मनमिळाऊ' बरोबर लिहिलंय, बहुतेक जण चुकतात. तिची अपेक्षा: पदवीधर.

शनि., १८
बोर्डावर कार्डासाठी शेजारीशेजारी तीन स्लॉट आहेत. मी रोज पहिल्यातच लावत होतो, सवयीने. आज मधल्यात लावलं.
चालू झालं.
लगेच बंद केलं. पहिल्या स्लॉटमध्ये बॅटरी मारून पाहिलं. तळाशी तांदळाचा दाणा, कुंकवाने लाल, अर्धा चिरडलेला. त्याच्यावर कार्ड तिरकं बसत होतं, एक दात दोन पिनांना टेकत होता.
अक्षता. मी फुलांचं सांगितलं, अक्षतांचं नाही.
चिमट्याने काढला. टाकवेना. स्क्रूंच्या डबीत ठेवला.

रवि., १९
दादाला फोन केला, चालू झालं म्हणून. कशाने बंद पडलेलं, विचारलं. कार्ड नीट बसलं नव्हतं, म्हणालो.
"म्हणजे तुलाच लावता येत नव्हतं."
शेजारी आईचा आवाज येत होता. मी म्हटलं, हो, माझंच चुकलं.
मग तिने फोन घेतला. "दसऱ्याला पूजा केली, म्हणून मार्गाला लागलं बघ." पाडव्याला दादाला घेऊन येते म्हणाली, त्याला चालू मशीन दाखवू. "आणि मागच्या वेळी घाईत झालं. या वेळी आत सगळीकडे अक्षता टाकते."
बरं म्हणालो.

सोम., २७
सूची प्रेसला दिली. चुका नाहीत म्हणाले. पुढच्या कामाचं दिवाळीनंतर बघू.
येताना नौपाड्यात आईसाठी स्टूल बघितलं, त्यावर बसून मी टाइप केलेलं तिला दिसेल इतकं उंच. घेतलं नाही अजून.

शुक्र., ३१
उद्या पाडवा. मशीन सकाळपासून तीनदा चालू करून पाहिलं. चालतंय.
झाकण लावून चारही स्क्रू आवळले. दादासमोर पंखा थांबला तर संपलंच.
पण झाकण बंद दिसलं तर आई विचारणार, उघड की, बघू दे. आत वाकून बघणारी ती एकटीच. आणि का नको ते सांगायचं, तर दाणा दाखवावा लागेल. दादाच्या देखत.
तीन स्क्रू परत काढून वाटीत ठेवलेत. चौथ्यावर स्क्रूड्रायव्हर टेकवून बसलोय.